मेळघाटात राहायला निघालात?

निवृत्ती जवळ आली की नागपुरात सदर, मोहननगर, सिव्हिल लाइन्सकडच्या पेशंटांच्या बोलण्यात हल्ली एक विषय हमखास निघतो. रेल्वे, वेकोलि, एजी ऑफिस अशा ठिकाणी उभी हयात नोकरी झाली, मुलं पुण्या-बंगळुरात स्थिरावली, आता मेळघाटात चिखलदऱ्याकडे नाहीतर पेंचच्या बाजूला एखादा प्लॉट घेऊन शांतपणे राहायचं. मग पुढचा प्रश्न : "डॉक्टर, तिथली हवा चांगली. दमा, बीपी आपोआप कमी होईल ना?" इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

हवा चांगली आहे, यात शंका नाही. धूळ कमी, वाहनांचा धूर कमी, झोप शांत लागते. पण बीपी, शुगर आणि दमा सामानाबरोबर तुमच्यासोबत येतात, आणि तिथली थंडी आधी त्यांनाच छळते.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. या उंचीवर ऑक्सिजन कमी पडत नाही, त्याची भीती बाळगू नका. तापमान मात्र दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एकाच पहाटे चिखलदऱ्यात नागपूरपेक्षा पाचेक अंश कमी धरून चाला. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरातच पारा ३.५ अंशांवर गेला होता. "आम्ही तीही थंडी काढली," असं तुम्ही म्हणाल. काढली, पण चहूबाजूंनी इमारती असलेल्या फ्लॅटमध्ये. आपल्याकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. उंच छत, झरोके, पातळ दारं, आणि फार्महाऊस असेल तर वर टिनाचे पत्रे. मोकळ्या वावरात अशा घरात पहाटे चार वाजता जी थंडी हाडात शिरते, ती सदरमध्ये कळत नाही.

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, रक्त थोडं दाट होतं आणि हृदयावरचा ताण वाढतो. त्यात तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी कमी पितात. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण हिवाळ्यात वाढतं आणि पहाटेचे तास त्यात जास्त धोक्याचे असतात, ते यामुळेच. उन्हाळ्यात बेताची असलेली बीपीची गोळी हिवाळ्यात अपुरी पडू शकते. डोस मनाने वाढवू नका. घरी बीपीचं मशीन ठेवा, आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पहाटे पाचला फिरायला जायची सदरमधली सवय तिथे सोडून द्या. ऊन चांगलं वर आल्यावर निघा. हृदयाला ते बरं, आणि जंगलाच्या कडेला झुंजुमुंजू वेळ ही अस्वलाची आणि वाघाची असते, हे तिथलं कोणीही सांगेल.

ज्यांच्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्यांनी जास्त जपावं. विदर्भात हा आजार भरपूर आहे. थंड पाण्याची एक अंघोळ किंवा दिवसभर कमी प्यायलेलं पाणी एवढ्यानेही हाडं फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. आंघोळ कोमट पाण्याने, अंगभर कपडे, आणि चालू असलेल्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

आता शेगडीबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे पूर्ण निरोगी माणसंही दगावतात. रात्री थंडी असह्य झाली की अंगणातले निखारे घमेल्यात भरून खोलीत आणले जातात आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या जातात. धूर निघत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि उठून दार उघडण्याचं भानच राहत नाही. खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं तर त्याला थंडीची डोकेदुखी समजू नका. तडक बाहेर मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. शेकोटी अंगणातच. खोलीत रजई, घोंगडी, कानटोपी, पायमोजे आणि झोपण्याआधी गरम पाण्याची पिशवी. शुगरमुळे पाय बधिर असतील तर ती पिशवी पायाला थेट लावू नका, भाजलेलं कळणार नाही. गॅस गिझरही न्हाणीघराच्या आत नको, बाहेरच्या भिंतीवर लावा. धोका तोच आहे.

मेळघाटाची थंडी जीव घेते, हे नागपुरातूनच तिथे गेलेल्या डॉक्टरांनी कधीच पाहिलं आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात धारणी तालुक्यातल्या बैरागडला गेले. डॉ. स्मिता कोल्हे नागपुरातला दवाखाना सोडून तिथे गेल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. तिथल्या बालमृत्यूंचा माग काढताना त्यांना वारंवार दिसला तो न्यूमोनिया, आणि त्यामागे उपाशी पोट आणि अंगावर ऊबदार कपडा नसणं. साठीपुढच्या माणसालाही न्यूमोनिया तितकाच निष्ठुरपणे गाठतो. म्हणून जाण्याआधी फ्लूची वार्षिक लस, न्यूमोकोकल लस आणि धनुर्वाताची लस घ्या. दम्याचा इन्हेलर एक वापरात आणि एक शिल्लक, असे दोन ठेवा. चूल हौसेने मांडाल, पण दम्याच्या माणसाने तिच्यापुढे बसू नये.

थंडी सरली की जंगल संपलं, असं नाही. बहुतेक जण डिसेंबरात जागा बघायला जातात, तेव्हा गवत वाळलेलं आणि साप दडलेले असतात. पावसाळा वेगळा असतो. मण्यार रात्री चावते, बरेचदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं आणि पापण्या मिटू लागतात. जमिनीवर झोपू नका; खाटेवर मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून झोपा. दंश झाला तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. तो भाग हलू न देता सरळ सापावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात जा.

गवत काढल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला तर काख, जांघ, कमरेचा पट्टा नीट तपासा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त औषधाने बरा होतो. उशीर झाला तर किडनी आणि फुप्फुसं धरतो. ताप घेऊन सदरला आलात तर डॉक्टरांना आधी सांगा की मुक्काम जंगलात आहे. मलेरियाची तपासणीही मग विसरली जाणार नाही.

आणि अंतर. सदरमधून मेयो हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. चिखलदऱ्याहून घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती, असं ८०-९० किलोमीटर जावं लागतं. हार्ट अटॅकमध्ये प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १०८ ला फोन करायचा तर नेटवर्क हवं, आणि मेळघाटातल्या बऱ्याच गावांत ते नसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नुकताच स्टेंट बसला असेल, डायलिसिस चालू असेल, घरी ऑक्सिजन लागत असेल, तर मेळघाट नको. रामटेक, सावनेरकडे झाडं कमी नाहीत आणि तासाभरात नागपूर गाठता येतं. बाकीच्यांनी जरूर जावं, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर राहतात का, सापाचं इंजेक्शन असतं का, रात्री गाडी कोणाची मिळते, हे स्वतः जाऊन विचारावं.

आणि इसार देण्याची घाई करू नका. आधी डिसेंबर-जानेवारीत महिनाभर तिथे भाड्याने राहा, मग जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा राहा. दोन्ही वेळची बीपीची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा, आणि त्यानंतरच प्लॉटचा व्यवहार करा.