आधी वाटणाचा डबा विचारा

युरोपात राहून व्हीगन खाणाऱ्या आपल्या माणसांना थाई हॉटेल फार जवळचं वाटतं. भात, नारळाचं दूध, टोफू, गवती चहा, शेंगदाणे. लोणी-चीजचा पत्ता नाही, आणि दुपारचं जेवण खिशाला परवडणारं. बर्लिनमध्ये आल्यापासून मलाही हा मोठा आधार वाटत होता. पण इथल्या स्वस्त थाई हॉटेलात मासा ताटात दिसत नाही, तो मसाल्यात असतो. हे मला कसं कळलं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्यावर ती वेळ यायची नाही.

मोआबिट भागातलं छोटं हॉटेल. मेनूकार्डावर भाज्या-टोफूच्या हिरव्या करीपुढे हिरवं पान छापलेलं. तरीही मी ऑर्डर देतानाच विचारलं, "हे व्हीगन आहे ना?" वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "हो, मांस नाही, मासे नाहीत, फक्त भाज्या." अर्धं जेवण झाल्यावर कार्डावर त्याच पदार्थापुढे बारीक छापलेली दोन अक्षरं दिसली. शेवटच्या पानावर त्यांचा अर्थ दिला होता: एक अक्षर माशांसाठी, दुसरं कोळंबी-खेकड्यांसाठी. मी बाईंना ते दाखवलं. त्या आत गेल्या आणि करीच्या वाटणाचा डबाच घेऊन आल्या. डब्यावर थाई छपाई आणि तिच्यावर चिकटवलेलं जर्मन लेबल. हिरवी मिरची, लसूण, गवती चहा, मीठ, आणि मग ठळक अक्षरांत कोळंबी. "पण हे तर नुसतं वाटण आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पण माझ्या पोटात जे गेलं ते गेलंच, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

त्या कोळंबीला थाईमध्ये 'कापि' म्हणतात. कोकणात आपण ज्याला जवळा म्हणतो, तसली बारीक कोळंबी मीठ लावून आंबवायची, वाळवायची आणि कुटायची. लाल, हिरव्या, पनांग अशा बहुतेक करींच्या पारंपरिक वाटणात ती असतेच. स्वस्त हॉटेलात वाटण रोज कुटायला माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून तयार डबा येतो. वाटणातून कोळंबी वेगळी काढता येत नाही. म्हणूनच "माझ्या करीत मासे घालू नका" ही विनंती ऐकूनही आचारी काही करू शकत नाही. वर चवीला फिश सॉस पडतो, तो वेगळाच.

कायदा इथे आपल्या मदतीला येतो. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. मासे, कोळंबी-खेकडे, कालवं-शिंपले, अंडी आणि दूध हे पाचही त्यात आहेत. जर्मनीत बऱ्याच मेनूकार्डांवर ती माहिती अक्षरांनी दिलेली असते. मात्र कुठल्या घटकाला कुठलं अक्षर हे प्रत्येक हॉटेल आपलं आपण ठरवतं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी यादी नव्याने वाचा. पानाच्या चित्रापेक्षा ही अक्षरं जास्त खरं बोलतात. तरीही एक भोक राहतंच: कोंबडीचं किंवा इतर मांसाचं पाणी या १४ घटकांत नाही. सूप आणि रस्सा कशात शिजवलाय, हे तोंडानेच विचारावं लागतं.

आता पदार्थांकडे वळू. वाटणाच्या डब्यात कोळंबी असेल तर कुठलीही करी नको. सातेसोबतची शेंगदाण्याची चटणीही पुष्कळदा लाल करीच्या वाटणावर बनते. तोम यम सूपच्या भाजक्या मिरचीच्या मसाल्यात बहुधा सुकी कोळंबी असते. पाड थाईत अंडं, सुकी कोळंबी आणि फिश सॉस असतो. पहिली दोन वगळता येतात, पण चिंचेचा सॉस आधीच फिश सॉस घालून बनवलेला असेल तर उपाय नाही. पिवळ्या नूडल्समध्ये अंडं असतं, म्हणून तांदळाच्या नूडल्स मागा. टोफूतही अंड्याचा एक प्रकार मिळतो, तेव्हा सोयाबीनचाच आहे ना, हे पाहा.

सगळ्यात सोपं म्हणजे मोठ्या आचेवर कढईत परतलेल्या भाज्या. त्या तुमच्यासमोर ताज्या होतात. ऑयस्टर सॉसऐवजी सोया सॉस घाला म्हटलं की काम होतं. काही ठिकाणी अळंब्यांचा शाकाहारी ऑयस्टर सॉसही असतो. सोबत साधा भात घ्या. कच्च्या पपईची सोम तामही खलात त्या-त्या वेळी कुटतात, म्हणून सुकी कोळंबी आणि फिश सॉस वगळून मिळू शकते. फक्त खल धुऊन घ्यायला सांगा. गोडात आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात बहुतेक वेळा निर्धोक असतो.

विचारताना "व्हीगन आहे का?" एवढ्यावर थांबू नका. एकेका बाटलीचं नाव घ्या: "ओनं फिशझोसं, ओनं आउस्टर्नझोसं, ओनं आय", म्हणजे फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि अंडं नको. आचारी थाई असेल तर 'जे' हा शब्द लगेच कळतो. त्या बौद्ध परंपरेच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही चालत नाही. पण बर्लिनमधली बरीच 'थाई' हॉटेलं व्हिएतनामी कुटुंबं चालवतात. तिथे 'चाय' म्हणा, त्यांच्याकडे शाकाहाराला तोच शब्द आहे. भर गर्दीत कुणाला डबा दाखवायला वेळ नसतो, म्हणून थोडं लवकर जा. कोळंबीची ॲलर्जी असेल तर ते स्पष्ट आणि स्वतंत्रपणे सांगा, कारण कढई आणि तळणीचं तेल सगळ्यांसाठी एकच असतं; व्हीगन जेवण म्हणजे ॲलर्जीपासून सुरक्षित जेवण नव्हे.

भारतातून शाकाहारी आई-वडील किंवा सासू-सासरे येणार असतील, तर त्यांना नेण्याआधी एकदा एकटे जाऊन ही चौकशी करून या. वयस्कर माणसं परक्या भाषेत विचारू शकत नाहीत, ती आपल्या भरवशावर जेवतात. डबा दाखवायला हॉटेलने नकार दिला, तर तिथे करी मागवू नका.