जिथं पाऊल, तिथं पालवी

पोरी, घरामागचं परसू, वरची गच्ची आणि बचत गटाने धरलेला शाळेजवळचा तुकडा, अशा तीन जागा तू एकदम अंगावर घेतल्यास. हौस दांडगी आहे तुझी, मला आवडलं. आता जरा बस आणि ऐक. आपल्या जेऊरची काळी माती आणि वैशाखाचं ऊन हौसेची परीक्षा लवकर घेतात.

१. कुठे काय लावायचं हे जागा किती मोठी आहे त्यावर ठरवू नको, तू तिथं किती वेळा जातेस त्यावर ठरव. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मिरची स्वयंपाकघराच्या दाराशी. शेवगा, तांबडा भोपळा, हळद लांबच्या तुकड्यात — रोज खुडायची भाजी नजरेआड गेली की जून होते.

२. दिवसातून एक फेरी घाल आणि दोन-चार पानं उलटून बघ — मावा आणि पांढरी माशी पानाच्या पाठीमागेच बिऱ्हाड करतात. मी म्हणते ना, जिथं पाऊल, तिथं पालवी.

३. पाऊस उघडला की लगेच खुरपं घेऊन पळू नको, वाफसा येऊ दे. मूठभर माती दाबून सोड. भुगा झाली तर काम कर, हाताला चिकटली तर गुमान घरी ये — ओल्या काळ्या मातीवर पाय पडले की ती दगडासारखी बसते आणि वाळल्यावर भेगाळते.

४. पालेभाज्यांना गादीवाफाच कर. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, पण त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात पडतो — तेव्हा सपाट वाफ्यात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात.

५. पाचट मागून आण. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, तेव्हापासून फुगवट्याच्या काठाने ऊस आणि केळी वाढली, आणि अजून कितीतरी जण तोडणीनंतर पाचट पेटवून देतात. ते जळण्याआधी चार भारे उचल आणि वाफ्यावर चार बोटं जाड पसर — ओल टिकते, तण दबतं, कुजलं की खत होतं. खोडाला मात्र खेटवू नको.

६. पाणी सकाळी आणि मुळाशी दे, पानांवर नको. घाईच्या पाण्याची वरचीच ओल. आणि मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर पाण्याचा मारा आधी कमी कर, निचऱ्याला चर काढ आणि शेणखत घाल — ते बोअरच्या पाण्यातले क्षार वर आलेले असतात.

७. मेथी सगळी एकाच दिवशी पेरू नको, आठ-आठ दिवसांनी एकेक वाफा — नाहीतर महिन्याने तुझी आख्खी गल्ली तुला बघून दार लावून घेईल. धणे पेरण्याआधी हलके रगडून दोन फाकी कर आणि रात्रभर भिजव.

८. वांगं, टोमॅटो, मिरची ही एकाच घरची भावंडं. एकाच्या जागी पुढच्या हंगामात दुसरं लावू नको, मध्ये चवळी किंवा घेवडा घे — रोग मातीत वाट बघत बसतो, आणि शेंगवर्गाच्या मुळांवरच्या गाठी नत्र देऊन जातात. तीन जागा आहेत, तेव्हा वहीत लिही; पुढच्या वर्षी आठवणीवर विसंबू नको.

९. तंबाखू मळलेल्या हाताला टोमॅटो-मिरचीच्या रोपाला शिवू देऊ नको, काका असोत की मामा. आधी साबणाने हात धुवायला लाव — तंबाखूतला मोझॅकचा विषाणू बोटांवरून रोपात शिरतो.

१०. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा. झाड तिथल्या तिथं उपट. जीव तुटतो, मला माहीत आहे — पण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

११. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, काकडी आणि कारलं सकाळी. फळ धरत नसेल तर त्या-त्या वेळी नरफूल तोडून मादीफुलात हलकेच फिरव — गच्चीवर मधमाशा कमी येतात.

१२. आषाढात निंबोळ्या वेचून वाळवून ठेव. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम भरडा रात्रभर भिजव, गाळ, उन्हं कलल्यावर फवार — कडक उन्हात त्याची ताकद उडून जाते.

१३. गटाच्या तुकड्यावर पाण्याची पाळी कुणाची आणि तोडणी कुणाची, हे भिंतीवर खडूने लिहून टाका. भाजी वाटून घेताना जी आज आली नाही तिचाही वाटा बाजूला ठेव — रोपापेक्षा रुसवा लवकर वाढतो. खुरपी दुसऱ्या वाफ्यात नेण्याआधी धुवायची, हेही त्याच भिंतीवर लिहा.

१४. सगळं खाऊन टाकू नको, वेलाचं एक निरोगी, ठसठशीत फळ बियाला राख. बी सावलीत वाळव, राखेत घोळव आणि नाव-साल लिहून झाकणाच्या डब्यात ठेव — संकरित वाणाचं बी मात्र पुढच्या वर्षी आईवर जात नाही, ते ठेवण्यात अर्थ नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच जपत बीज बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मृगाला अजून अवकाश आहे. तोवर तिन्ही जागांवर शेणखत पसरून ठेव, आणि गावरान दोडक्याचं, घेवड्याचं बी लागलं तर दुकानात जाण्याआधी माझ्याकडे ये.