मनगट उघडायचं कुठून?

१. दाभोळकडचा माणूस मनगट निखळवून येतो तो बहुधा आंब्यावरून नाहीतर माडावरून पडून, किंवा होडीच्या ओल्या फळीवर घसरून. "मुरगळलंय" म्हणत लेप लावण्यात आठवडा गेलेला असतो. समोरून काढलेला एक्स-रे फसवतो. बाजूने काढला की लुनेट हे हाड कलंडलेल्या कपासारखं दिसतं. हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या पाहणीत १६६ रुग्णांपैकी पाव जणांचं निदान सुरुवातीला हुकलं होतं.

२. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत का, हे आधी विचारावं. असतील तर हाड लगेच जागेवर बसवायला हवं. मात्र ओढून बसवलं, प्लास्टर घातलं, की सुटलो असं होत नाही. लिगामेंट तुटलेली असतात, हाडं पुन्हा सरकतात.

३. म्हणून शस्त्रक्रिया लागतेच; खरा वाद चीर कुठून घ्यायची याचा. तळहाताकडून गेलं की दबलेली नस मोकळी करता येते, पुढे घसरलेलं लुनेट आत ढकलता येतं, फाटलेलं आवरण शिवता येतं. पण लुनेट आणि शेजारचं स्कॅफॉइड ही हाडं नेमकी जुळली का, हे तिथून धड दिसत नाही. ते दिसतं मागच्या बाजूने, आणि त्या दोघांना धरणाऱ्या लिगामेंटचा सर्वांत मजबूत भागही तिथेच असतो. तो शिवायचा, तारा घालायच्या. दोन्हीकडून उघडलं तर सगळंच साधतं, पण सूज आणि आखडणं वाढण्याची धास्ती असते. माझा कल सांगतो: बधिरपणा टिकून असेल किंवा लुनेट पुढे अडकलं असेल तर दोन्हीकडून, नाहीतर मागूनच. चिरेवरून भांडणाऱ्यांनी आधी हाडं जुळली का ते पाहावं.

४. स्कॅफॉइड मोडलं असेल तर स्क्रू. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने करणारेही आहेत, पण त्याला हात बसलेला लागतो.

५. काही महिन्यांनी आलेल्या रुग्णाचं हाड जागेवर जाईलच असं नाही. मग वरच्या रांगेतली तीन हाडं काढून टाकणं हा एक मार्ग. दुखणं कमी होतं, पकडही कमी होते. जाळं ओढणाऱ्याला हे आधीच सांगावं.

६. तारा साधारण दोन महिने आत राहतात. मासेमारीची बंदी १ जूनला लागते, तेव्हा मे अखेरीस पडलेला खलाशी त्यातल्या त्यात सुखी! बाकीचे तारांची टोकं बाहेर असतानाच खाऱ्या पाण्यात हात घालतात आणि पू घेऊन परत येतात.