भाच्यांना भुयारात उतरवताना

भाच्यांनो, डेमो उतरवायच्या आधी समोरचं मशीन नीट ओळखून घ्या. बिलोली, कुंडलवाडी, नायगाव या पट्ट्यात घरात जे कॉम्प्युटर दिसतात, त्यांतले बरेच नांदेडच्या वजिराबादेतून सेकंडहँड आलेले. कुठल्या तरी ऑफिसात वर्षानुवर्षं राबून, मग आपल्या नशिबी. चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि आत विंडोज सात. आता गोष्ट अशी की स्टीम नावाचं गेमचं जे मोठं दुकान इंटरनेटवर आहे, त्यानं 1 जानेवारी 2024 पासून विंडोज सात आणि आठ यांचा हात सोडलाय. म्हणजे तिथला डेमो कितीही फुकट असला तरी आपल्या डब्यावर तो धड चालेल याचा भरवसा नाही.

म्हणून आधी 'कॉम्प्युटर'च्या चित्रावर उजवं क्लिक, मग 'प्रॉपर्टीज'. विंडोज कोणती, रॅम किती, सिस्टिम 32 बिट की 64 बिट, हे तिन्ही कागदावर लिहा. प्रत्येक गेमच्या पानावर किमान गरजांची यादी असते. ती आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवा. जुळलं तर पुढं, नाही तर नाद सोडा. आठ जीबी मागणारा गेम चार जीबीवर "चालेल की रे" म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. मित्र ठेवा, सल्ला सोडा.

मला विचाराल तर पहिलं भुयार जुनंच घ्या. डायब्लो. 1996 संपता संपता अमेरिकेत निघाला, म्हणजे तुमची आई तेव्हा शाळेत होती. भुयारात उतरायचे खेळ त्याच्याही आधीचे. 1980 साली 'रोग' नावाचा एक निघाला होता. त्यात चित्रंच नव्हती, नुसती अक्षरं आणि ठिपके. मेलात की पहिल्यापासून, आणि दर वेळी भुयाराची रचना नवी. डायब्लो त्याच कुळातला. तो घडवणारा डेव्हिड ब्रेव्हिक आधी 'एक चाल तुमची, एक राक्षसाची' अशा बेताचा खेळ करत होता. ब्लिझार्ड कंपनीच्या लोकांनी धरून ठेवलं की हे थांबत थांबत नको, सलग चालू द्या. त्याला ते पटत नव्हतं. तरी एका शुक्रवारी दुपारी तो बसला, बदल केला, पडद्यावरच्या सांगाड्यावर क्लिक केलं, आणि गडी आपला चालत गेला, सांगाडा फोडून मोकळा झाला. त्या एका क्लिकवर लोक अजून माउस झिजवतायत.

पूर्ण डायब्लोत 16 मजले आणि तीन वीर आहेत: वॉरियर, रोग आणि सॉर्सरर. कंपनीनं फुकट वाटायला जी आवृत्ती काढली तिच्यात पहिले दोनच मजले आणि एकटा वॉरियर. बाकीचे दोघं यादीत दिसतात, पण हाती लागत नाहीत. तेवढं पुष्कळ आहे.

ती जुनी फाइल आजच्या विंडोजवर कुरकुर करते, रंग बिघडतात, पडदा काळा पडतो. त्यावर जाणकारांनी 'डेव्हिल्युशनएक्स' नावाचा उपाय काढलाय. मूळ खेळ उलगडून त्यांनी नव्या मशीनसाठी त्याचं इंजिन पुन्हा बांधलं, आणि ते गिटहबवर उघडं ठेवलंय. त्याची झिप फाइल उतरवायची, एका फोल्डरमध्ये उलगडायची, आणि फुकट आवृत्तीची 'स्पॉन डॉट एमपीक्यू' नावाची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकायची. ही फाइल सुमारे 25 एमबीची. आजचे डेमो जीबीत मोजतात, त्यापुढं ही किरकोळच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चहा होईस्तोवर उतरते. अँड्रॉइड फोनवरही हा खेळ चालतो, पण बोटानं खेळायला मला गोडी वाटत नाही.

फोल्डर कुठं करायचा, हेही ऐका. ताईनं लॅपटॉप घेतला तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं नाव देवनागरीत घातलं. छान दिसतं, मलाही आवडलं. पण त्यामुळं तिच्या डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये जे काही ठेवाल त्याच्या वाटेत देवनागरी अक्षरं येतात, आणि जुन्या काळचे इन्स्टॉलर तिथं अडखळतात. चूकसुद्धा धड सांगत नाहीत, नुसते बंद पडतात. तेव्हा सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत 'गेम्स' नावाचा फोल्डर करा आणि सगळे खेळ तिथंच ठेवा. 'प्रोग्राम फाइल्स'मध्येही जुना खेळ ठेवू नका. तिथं लिहायला विंडोज परवानगी मागते आणि तुमचा सेव्ह भलतीकडेच जाऊन बसतो.

मोठा डेमो उतरवणार असाल तर जागा दुप्पट धरा. चार जीबीची झिप उलगडली की ती चार आणि उलगडलेले चार-पाच, असं होतं. रोजच्या डेटाचा कोटा रात्री बारानंतर नवा होत असेल तर तेव्हाच लावा. स्टीमवर मध्येच नेट गेलं तर पुढून चालू होतं. ब्राउझरमधून उतरवलेलं पुष्कळदा पहिल्यापासून येतं. उतरलं की पानावर लिहिलेला आकार आणि आपल्याकडचा आकार ताडून बघा. इन्स्टॉल अर्ध्यात मोडतं ते बहुतेक वेळा अर्धवट फाइलमुळं, आणि पोरं शिव्या घालतात मशीनला.

आता एक सक्त गोष्ट. 'अमुक डीएलएल सापडत नाही' असं आलं, की पोरं त्या डीएलएलचं नाव शोधून कुठल्याही पानावरून ती एक फाइल उचलून आणतात. आणू नका. ती फाइल बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' किंवा 'डायरेक्टएक्स' या संचातली असते. अख्खा संच मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या, फुकट आहे. व्हिडिओत कुणी 'आधी अँटीव्हायरस बंद करा' म्हणाला तर अँटीव्हायरस नव्हे, तो व्हिडिओ बंद करा. आणि पेनड्राइव्हवर पन्नास रुपयांत 'फुल व्हर्जन' भरून देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. याच कॉम्प्युटरवर बाबा बँकेचं काम करतात.

तुमच्या पणजोबांच्या वाड्यात पेव होतं. ज्वारी भरून ठेवायचं जमिनीतलं कोठार, माणूसभर खोल. पेव उघडलं म्हणून कुणी लगेच आत उडी मारत नसे. तोंडावरची माती काढायची, कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, दिवा सोडून बघायचा, मग माणूस उतरायचा. घाई केली ते गुदमरून गेल्याच्या गोष्टी मराठवाड्यात गावोगाव ऐकायला मिळतात. नवीन डेमो उघडल्यावर हीच रीत. लगेच 'न्यू गेम' दाबू नका. आधी आवाज येतो का बघा. पडदा पूर्ण भरतो का बघा. सेटिंग्जमध्ये सावल्या कमी, रिझोल्यूशन कमी, फ्रेम 30 वर बांधा. डायब्लोला याची गरज नाही, तो मुळात 640 गुणिले 480 च्या पडद्यासाठी केलेला. पण नव्या डेमोंना आहे. मग खेळ सुरू करून दोन पावलं चाला, सेव्ह करा, बाहेर पडा, पुन्हा आत या. सेव्ह उघडला तरच भुयाराकडं वळा.

लॅपटॉप वाकळेवर ठेवून खेळू नका. खालची जाळी झाकली जाते, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर असताना पंख्याला आत ओढायला थंड हवा असतेच कुठं? फळीवर ठेवा. मोठ्या कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर दुपारी खेळूच नका. सेव्ह होत असतानाच लाइट गेली तर फाइल अर्धी राहते, ती पुन्हा उघडेलच असं नाही.

आता खेळ. ट्रिस्ट्राम नावाचं गाव, गावात पडकं चर्च, चर्चखाली भुयार. गावात शिरलात की घाई न करता थोडं उभे राहा आणि गिटार ऐका. मॅट उलमन नावाच्या माणसानं बारा तारांच्या गिटारवर ते केलंय. या खेळातला सगळ्यात उत्तम भाग तोच, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. गावकऱ्यांशी बोला. ते बोलतात तेव्हा त्यांचं बोलणं पडद्यावर सावकाश सरकतं. बिलोलीतल्या पोरांना घरात मराठी, गल्लीत दखनी आणि बोधनच्या पाहुण्यांमुळं तेलुगू येतेच. इंग्रजीची भीती असली तर ती इथं कमी होते, मास्तर नसताना.

वॉरियरच्या हातात सुरुवातीला आखूड तलवार आणि छोटी ढाल असते, आणि पिशवीत एक सोटा. पोरं सोटा बघतात आणि तो लोहार ग्रिस्वोल्डला विकून टाकतात. विकू नका! या खेळात तलवार सांगाड्यांवर आणि प्रेतांवर निम्मीच चालते. सोटा मात्र त्यांच्यावर दीडपट बसतो. प्राण्यांवर याच्या उलट, तिथं तलवार दीडपट. पहिल्या मजल्यावर सांगाडे आणि प्रेतं भरपूर, तेव्हा सोटा हातात ठेवा. मढी खाणारी कुत्र्याएवढी जनावरं अंगावर आली की तलवार काढा. ती जनावरं मेलेलं खाऊन स्वतःची जखम भरून घेतात, म्हणून त्यांना मढ्याजवळ निवांत सोडू नका. लाल बुटके राक्षस टोळीनं येतात. त्यांतला एक मेला की बाकीचे पळतात. त्यांच्या मागं धावू नका. ते पळता पळता तुम्हाला दुसऱ्या खोलीतल्या टोळीच्या तोंडात नेऊन सोडतात. ते परत येतातच. तोवर दारात उभे राहा.

दार! सगळा खेळ दारावर आहे. खोलीच्या मधोमध उभे राहिलात तर चहूकडून मार. दारात उभे राहिलात तर समोरून एकेकच येणार. दार उघडा, आत किती आहेत ते बघा, एक पाऊल मागं या, उंबरठ्यावर लढा. तिरंदाज सांगाडे असतील तर भिंतीच्या आडून जवळ जा आणि आधी त्यांनाच गाठा.

औषधाच्या बाटल्या कमरेच्या पट्ट्यात भरा. तिथं आठ खण आहेत आणि 1 ते 8 ही बटणं त्यांचीच. पिशवीतली बाटली शोधेस्तोवर माणूस मरतो. टॅब दाबला की नकाशा उमटतो. पिंपं फोडताना जीव थोडा शिल्लक ठेवूनच फोडा; काही फुटून अंगावर येतात, काहींतून सांगाडा निघतो. वॉरियरला स्वतःचं हत्यार दुरुस्त करायची कला येते. ती वापरू नका, कारण दर वेळी हत्याराचा टिकाऊपणा कायमचा घटतो. ग्रिस्वोल्ड पैसे घेतो पण वस्तू पहिल्यासारखी करून देतो. सोन्याची नाणी पिशवीत जागा खातात, एका खणात 5000 मावतात. निळ्या अक्षरांतली वस्तू सापडली तर म्हाताऱ्या केनकडं न्या. तो 100 नाणी घेऊन तिचे गुण सांगतो. भुयारात अधूनमधून देव्हाऱ्यांसारखी ठाणी लागतात. दिसलं की हात लावायची खोड असेल तर आधी सेव्ह करा, कारण त्यांतली काही तुमची जादूची शक्ती कायमची कमी करतात.

आणि सेव्ह आपोआप होत नाही. एस्केप दाबा, 'सेव्ह गेम' निवडा. जिन्याच्या तोंडाशी एकदा, मोठी खोली उघडायच्या आधी एकदा. एका वीराला जागा एकच, जुन्यावर नवा बसतो. त्यामुळं अर्धमेले असताना सेव्ह करू नका, नाही तर उघडाल तेव्हा पुन्हा अर्धमेलेच.

मेलात तरी चिडू नका. दोन मजले संपले की नवा खेळ सुरू करा, भुयाराची रचना वेगळी निघेल. म्हणूनच हा डेमो एका सुट्टीत संपत नाही. पुढं जावंसं वाटलं तर 2019 पासून पूर्ण डायब्लो जीओजीच्या दुकानात विकत मिळतो. आईला विचारा, स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घ्या. त्यातली मोठी फाइल डेव्हिल्युशनएक्सच्या त्याच फोल्डरमध्ये टाकली की 16 मजले उघडतात.

मशीन बरं असेल तर त्यानंतर 'राजी' बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी केलेला, 2020 मध्ये आलेला. भावाला असुरांनी पळवलंय आणि बहीण त्याला शोधायला निघालीय, मागून दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतायत. 2017 मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली होती, ती जमली नाही. तरी त्यांनी खेळ पुरा केला, आणि 2020 च्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिलटकरांच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्यात डायब्लोसारखं लुटीचं भुयार नाही, पण उडी मारायला दगडी महाल आहेत आणि हातात त्रिशूळ आहे.

दिवाळीत याल तेव्हा येताना यूएसबीचा माउस घेऊन या, दोनशे-तीनशे रुपयांचा चालेल. लॅपटॉपच्या पट्टीवर बोट घासून दारात उभं राहून लढता येत नाही.