गाइड म्हणजे तुझ्या शॉपफ्लोअरवरची जिगच गं

अगं, रात्री दोनला मेसेज! आधी चहा घे. 2021 च्या म्युकरमध्ये, म्हणजे त्या काळ्या बुरशीच्या आजारात, बाबांचा वरचा जबडा गेला. तेव्हापासून त्यांना मऊ भात भरवत, नाकातून येणारं पाणी पुसत सगळं तूच निभावलंस. आता दातांसाठी गालाच्या हाडात इम्प्लांट बसवायचेत, तर ते गाइडने की नुसत्या हाताने, एवढ्यावर अडकलीस होय?

खरं सांगू का, हे तुला माझ्याआधी कळायला हवं. चाकणला रोज ड्रिल जिग हाताळतेस ना? गाइड म्हणजे तेच. सीबीसीटी स्कॅनवरून जागा ठरवतात, थ्रीडी प्रिंटरवर साचा काढतात, त्यात धातूची बुश असते आणि ड्रिल तिच्यातूनच जातं.

एवढा खटाटोप का? बघ, नेहमीचे इम्प्लांट 10-12 मिलिमीटरचे, हे 30 पासून 50 च्याही पुढे. 50 मिलिमीटरवर दिशा एक अंश चुकली तर टोक जवळजवळ 0.9 मिलिमीटर सरकतं, तीन अंश चुकली तर अडीचच्या वर. आणि शेजारीच डोळ्याची खोबण! गाइडने हा फरक साधारणपणे कमी राहतो.

पण जिगच नीट बसली नाही तर सगळी होल चुकतात, हे तुला मी काय सांगायचं? हिरडीवर टेकवलेला साचा हलतो, म्हणून तो हाडावर स्क्रूने घट्ट करणार का, ते विचार. लांब ड्रिल आत जायला तोंडही उघडायला हवं. आज बाबांना आ करायला सांग, त्यांचीच बोटं एकावर एक किती मावतात बघ. तीन मावली तर छान, कमी मावली तर डॉक्टरांना आधीच सांग.

हाताने म्हणजे अंदाजाने नव्हे गं. हिरडी उलगडून, हाड डोळ्यांनी बघत करतात. ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी हे इम्प्लांट सुरू केले तेव्हा असे साचे कुठे होते? मला विचारशील तर गाइड लावूनही हाड उघडून खात्री करणारा, असे इम्प्लांट बरेच बसवलेला सर्जन हवा.

सासूबाईंच्या इम्प्लांटच्या वेळी मी फक्त खर्च विचारून आले, स्कॅन बघितलाच नाही. ते अजून सलतं. तू तसं करू नकोस. प्लॅन स्क्रीनवर उघडायला लाव, खोबणीपासूनचं अंतर विचार. मन मानत नसेल तर पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात दुसरं मत घे. शिफ्ट बदलून घे आणि मला फोन कर, मी येते सोबत.