न मागितलेले नूतनीकरण आणि रद्द करण्याचे शुल्क

ब्रिटनमध्ये मोटारीचा विमा बहुधा एका वर्षासाठी उतरविला जातो. वर्ष संपण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी कंपनीचे पत्र येते. पुढील वर्षाचा हप्ता किती पडेल हे त्यात सांगितलेले असते आणि खाली कोठेतरी एक वाक्य असते: विमाधारकाने काही कळविले नाही, तर विमापत्र आपोआप चालू राहील. पत्र बाजूला पडते. दरम्यान विमाधारक दुसऱ्या कंपनीकडून कमी हप्त्याचे विमापत्र घेतो आणि जुने आपल्या मुदतीने संपेल असे गृहीत धरतो. महिनाभराने बँकेच्या उताऱ्यात जुन्या कंपनीने नेलेली रक्कम दिसते. तो दूरध्वनी करून विमापत्र रद्द करावयास सांगतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते की, रद्द करण्याचे शुल्क भरावे लागेल. जो करार आपण केलाच नाही अशी त्याची समजूत आहे, तो मोडण्याचे मोल त्याच्याकडे मागितले जाते.

त्याचा संताप स्वाभाविक आहे, आणि त्याला इंग्रजी कायद्यातील एका जुन्या तत्त्वाचा आधारही असल्यासारखे वाटते. 1862 साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा खटला गाजला. एका काकाने पुतण्याचा घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना घेऊ केला आणि लिहिले की, उत्तर आले नाही तर घोडा आपला झाला असे आपण समजू. पुतण्याने उत्तर धाडले नाही. मात्र, हा घोडा विकू नये, असे त्याने लिलाव करणाऱ्याला सांगितले होते. लिलाव करणारा ते विसरला व घोडा विकला गेला. काकाने त्याच्यावर दावा लावला आणि तो हरला. समोरच्याच्या मौनाला संमती मानण्याची अट एका पक्षाला आपल्या मर्जीने दुसऱ्यावर लादता येत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

मग विमा कंपनीला ते कसे करता येते? याचे उत्तर असे की, येथे संमती मौनातून निर्माण झालेली नसून ती आधीच्या वर्षी दिलेली असते. पहिले विमापत्र घेताना ज्या अटी विमाधारकाने मान्य केल्या, त्यांत दरवर्षी नूतनीकरण करण्याची व त्याच कार्डावरून अथवा खात्यातून रक्कम घेण्याची मुभा होती. म्हणून अशा वादात विचारावयाचा पहिला प्रश्न 'मी होकार कधी दिला?' असा असून चालत नाही. ती अट आरंभी स्पष्टपणे दाखविली होती काय, आणि नूतनीकरणाची सूचना मुदतीच्या पुरेशी आधी व योग्य पत्त्यावर पाठविली होती काय, हे विचारावयास हवे. सूचना पाठविलीच नाही, किंवा ग्राहकाने बदललेला पत्ता कळविल्यानंतरही ती जुन्याच पत्त्यावर गेली, तर कंपनीची बाजू एकदम लंगडी पडते. उलट पत्र योग्य ठिकाणी पोहोचले, पण उघडले नाही, हे कारण फारसे टिकत नाही.

आपोआप नूतनीकरण ही केवळ एक युक्ती आहे, असे मानणेही अन्यायाचे होईल. 1988 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टनुसार रस्त्यावर वाहन चालविण्यास त्रयस्थ पक्षाच्या हानीचा विमा आवश्यक आहे. 2011 पासून तर वाहन चालविले नाही, तरी त्याचा नोंदणीकृत धारक दंडास पात्र होतो. वाहन रस्त्यावर आणणार नाही अशी अधिकृत नोंद त्याने केलेली असली, तरच त्याची सुटका होते. विसराळू माणसाचे विमापत्र आपोआप चालू राहिल्यामुळे तो या संकटातून वाचतो. परंतु याच विसराळूपणावर दुसऱ्या बाजूने नफाही काढला जात होता. नव्या ग्राहकाला स्वस्त दर देऊन जुन्या ग्राहकाचा हप्ता वर्षागणिक चढवीत नेण्याची प्रथा इतकी रूढ झाली होती की, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने सप्टेंबर 2018 मध्ये तिच्याविरुद्ध स्पर्धा प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार केली. त्यापूर्वीच, एप्रिल 2017 पासून, नूतनीकरणाच्या पत्रात गेल्या वर्षाचा हप्ता दाखविणे बंधनकारक झाले होते. फायनॅन्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेने 1 जानेवारी 2022 पासून मोटार व घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला तशाच नव्या ग्राहकापेक्षा अधिक हप्ता आकारण्यास बंदी केली, आणि आपोआप नूतनीकरण बंद करण्याचे सोपे मार्ग ग्राहकाला उपलब्ध करून देण्यास कंपन्यांना भाग पाडले. हप्त्यातील तफावत अशा रीतीने कमी झाली. रद्द करण्याचे शुल्क मात्र राहिले.

या शुल्काच्या बाबतीत सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे चौदा दिवस. मोटार, घर आदी सर्वसाधारण विम्याचा करार कोणतेही कारण न देता चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क नियामक नियमांनी ग्राहकाला दिला आहे, आणि नूतनीकरणानंतरही तो वापरता येतो. मुदत करार झाल्याच्या दिवसापासून अथवा अटींची कागदपत्रे मिळाल्याच्या दिवसापासून, यांपैकी जो दिवस नंतरचा असेल त्यापासून, मोजावयाची असते. ही 'जो नंतरचा' ही शर्त पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः उशिरा जागे झालेल्या ग्राहकाला तिचाच आधार असतो. या मुदतीत रद्द केल्यास कंपनीला प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचे प्रमाणशीर मोल घेता येते, परंतु दंड ठरेल अशी रक्कम घेता येत नाही. उदाहरणापुरते असे समजावे की, वार्षिक हप्ता 730 पौंड आहे, म्हणजे दिवसाला दोन पौंड. दहा दिवस विमा चालला, तर त्या संरक्षणाचे वीस पौंड देणे रास्तच आहे, कारण त्या दहा दिवसांत अपघात झाला असता तर कंपनीला भरपाई करावी लागली असती. त्यावर आणखी पन्नास पौंड 'कार्यालयीन खर्च' म्हणून मागितले गेले, तर तो खर्च कोणता, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

चौदा दिवस उलटून गेल्यावर चित्र बदलते, आणि बहुतेक वाद येथेच उद्भवतात. ग्राहक 'शुल्क' म्हणून ज्या एका आकड्याशी झगडतो, त्यात वास्तविक तीन निरनिराळ्या रकमा मिसळलेल्या असतात. पहिली रक्कम संरक्षणाच्या काळाची. ती दिवसांच्या प्रमाणात घेतली असेल, तर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु काही विमापत्रांत प्रमाणाऐवजी अल्पमुदतीच्या दरांचे कोष्टक असते. वरील उदाहरणात चाळीस दिवसांनी विमा रद्द केला, तर प्रमाणाने ऐंशी पौंड होतात. कोष्टकात दोन महिन्यांपर्यंत वार्षिक हप्त्याचा चौथा हिस्सा ठेवून घ्यावा असे म्हटले असेल, तर कंपनी 182 पौंड 50 पेन्स ठेवील. 'शुल्क' हा शब्द कोठेही न उच्चारता ग्राहकाकडून शंभराहून अधिक पौंड जादा गेले. दुसरी रक्कम रद्द करण्याच्या कामाची ठरावीक फी. पत्रव्यवहारात नाव तिचेच घेतले जाते, म्हणून ग्राहकाचे लक्षही तिच्यावरच खिळून राहते. तिसरी रक्कम मध्यस्थाची. विमापत्र दलालामार्फत घेतले असेल, तर दलाल स्वतःची वेगळी फी लावतो आणि कंपनीकडून मिळालेले कमिशनही कित्येकदा परत करीत नाही. हप्ता मासिक हप्त्यांनी भरावयाचा असेल, तर तो बहुधा कर्जाचाच व्यवहार असतो व त्याच्या व्याजाचा हिशेब निराळा करावा लागतो. याखेरीज, वर्षाच्या आत एखादा दावा केलेला असेल, तर संपूर्ण वर्षाचा हप्ता देय होतो, अशी अट सर्रास आढळते. तेथे परताव्याची अपेक्षा न धरणेच बरे.

म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी हिशेबाचे तपशीलवार विवरण मागवावे. त्यात या तीन रकमा सुट्या दाखवावयास सांगावे. नूतनीकरणाची सूचना कोणत्या दिवशी, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या मार्गाने पाठविली, हे विचारावे. आणि शुल्काची अट कोणत्या कागदपत्राच्या कोणत्या कलमात आहे, ते दाखविण्याची मागणी करावी. 2015 च्या कन्झ्यूमर राइट्स अ‍ॅक्टनुसार, सद्भावनेच्या विरुद्ध जाऊन दोन पक्षांच्या हक्कांत ग्राहकाच्या तोट्याचा मोठा असमतोल निर्माण करणारी अट त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. फी खऱ्या खर्चाच्या मानाने अवाजवी आहे, किंवा ती अट बारीक अक्षरांच्या रानात दडविलेली आहे, एवढे दाखविता आले, तर पत्राला धार येते. नुसता संताप व्यक्त करणाऱ्या पत्राला कंपनीकडे छापील उत्तर तयारच असते.

एका चुकीपासून मात्र दूर राहिले पाहिजे. रागाच्या भरात ग्राहक बँकेला कळवून वसुली थांबवितो. तसे करण्याचा त्याला अधिकार आहे. कार्डावरील कायम वसुलीची परवानगी ग्राहकाला आपल्या बँकेकडेच मागे घेता येते. पण पैसे थांबले म्हणजे करार संपला असे होत नाही. कंपनी काही दिवस वाट पाहते आणि हप्ता न भरल्याच्या कारणाने विमापत्र स्वतःच रद्द करते. त्यानंतर विम्याच्या अर्जातील 'कोणत्याही कंपनीने आपले विमापत्र कधी रद्द केले आहे काय?' या प्रश्नाला त्याला 'होय' असे लिहावे लागते. परिणामी त्याचा हप्ता चढतो, काही कंपन्या तर त्याला दारातच उभे करीत नाहीत. पन्नास पौंडांच्या वादासाठी हे फार महाग पडते. म्हणून आधी रद्द करण्याची सूचना लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि मगच वसुलीचा विचार करावा.

दुसऱ्या कंपनीचे विमापत्र आधीच घेतलेले असेल, तर ग्राहकाची बाजू बरीच बळकट असते. एकाच मोटारीचे दोन विमे असले म्हणून नुकसानभरपाई दुप्पट मिळत नाही. दोन कंपन्या तो भार आपसांत वाटून घेतात. दावा न केल्याबद्दलची सूटही एकाच वेळी दोन विमापत्रांवर वापरता येत नाही. अशा स्थितीत नव्या विमापत्राच्या आरंभाचा पुरावा जोडून, जुने विमापत्र त्याच तारखेपासून रद्द समजावे, अशी विनंती करावी. कंपनीने ती मान्य केलीच पाहिजे असे नाही, पण विनंती केल्याशिवाय ती मान्य होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कंपनीला तक्रारीचे अंतिम उत्तर देण्यास आठ आठवड्यांची मुदत असते. उत्तर समाधानकारक नसेल किंवा आलेच नाही, तर फायनॅन्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या वित्तीय लोकपालाकडे जाता येते. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तेथे जावे लागते. ग्राहकाला काही खर्च येत नाही, आणि लोकपालाचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. येथे कायद्याच्या अक्षराबरोबरच प्रसंगानुरूप न्याय्य काय, हेही पाहिले जाते. फी आरंभीच ठळकपणे सांगितलेली व माफक असेल, तर लोकपाल सामान्यतः तिच्यात हात घालीत नाही. हे ग्राहकाने आधीच ओळखावे आणि आपला भर सूचनेतील उणिवेवर अथवा अल्पमुदतीच्या कोष्टकावर द्यावा.

भारतात हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. 1938 च्या विमा कायद्यातील 64 व्हीबी या कलमानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. त्यामुळे निव्वळ मौनातून विमा चालू होत नाही. बँकेला किंवा कार्ड कंपनीला दिलेल्या कायम आज्ञेतूनच तो चालू होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या, ऑक्टोबर 2021 पासून काटेकोरपणे अमलात आलेल्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, व तेव्हा ती वसुली नाकारता येते. जुन्या मोटार दरपत्रकात अल्पमुदतीचे कोष्टक होतेच: एका महिन्यापर्यंत वीस टक्के, दोन महिन्यांपर्यंत तीस, आणि आठ महिन्यांच्या पुढे पूर्ण वर्षाचा हप्ता. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाने हा न्याय बदलला. एक वर्षापर्यंतच्या विमापत्रावर दावा झालेला नसेल, तर व्यक्तिगत ग्राहकाला उरलेल्या काळाचा हप्ता प्रमाणशीर परत मिळावा, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या हाती आजही जुने कोष्टक दिले जाते, त्याने या परिपत्रकाचा उल्लेख लेखी करावा. त्रयस्थ पक्षाचा विमा भारतातही सक्तीचा असल्याने, योगायोगाने तोही 1988 च्याच मोटार वाहन कायद्यान्वये, मोटारीचे विमापत्र रद्द करताना दुसऱ्या विमापत्राची प्रत जोडावी लागते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. अर्जासोबत विमापत्राची प्रत, रक्कम कापल्याचा बँकेचा उतारा, रद्द करण्याच्या पत्राची पोच आणि कंपनीचे उत्तर एवढे कागद तारखेच्या क्रमाने लावून द्यावेत.