आपली मांजरे

मांजर हा पाळीव प्राणी आहे. त्याला वाघाची मावशी म्हणतात. मांजर, वाघ, सिंह आणि बिबट्या हे सगळे एकाच कुळातले प्राणी आहेत. नराला बोका म्हणतात, मादीला मांजरी म्हणतात आणि लेकराला पिलू म्हणतात.

मांजर माणसाजवळ कधी आले? माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. त्याला कोणी पकडून आणले नाही, ते आपणहून आले. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिची माहिती २००४ साली जगाला कळली. त्या कबरीत माणसाच्या शेजारी एक मांजर पुरलेले होते. म्हणजे तेव्हाही माणसाला मांजराची माया होती.

मांजराचे शरीर

मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार बोटे असतात. सगळी मिळून १८ होतात. नखे आत ओढून घेता येतात, म्हणून चालताना आवाज होत नाही. मोठ्या मांजराला ३० दात असतात. जीभ कानशीसारखी खरखरीत असते. तिने ते अंग साफ करते आणि हाडावरचे मांस खरवडते.

मांजराच्या डोळ्यांत आत चकाकणारा पडदा असतो. थोडासा उजेड असला तरी तो पडद्यावरून परत फिरतो, म्हणून मांजराला अंधूक उजेडात आपल्यापेक्षा चांगले दिसते. बॅटरी मारली की डोळे चमकतात ते त्यामुळेच. पण पूर्ण काळोखात त्यालाही दिसत नाही. तेव्हा मिशा उपयोगी पडतात. मिशांनी जागा अरुंद आहे की रुंद ते समजते. म्हणून मांजराच्या मिशा कधी कापू नयेत.

मांजराला गोड चव कळत नाही. आमच्या मनीला पेढा दिला तर ती नुसता हुंगते. मांजर दिवसातले १२ ते १६ तास झोपते. लोक त्याला आळशी म्हणतात, पण रात्री आणि पहाटे त्याची पाळी असते.

मांजरी साधारण नऊ आठवड्यांनी विते. जन्मल्यावर पिलांचे डोळे मिटलेले असतात. सात ते चौदा दिवसांत ते उघडतात. मांजरी पिलांना मानेला धरून जागा बदलते. ते पाहून वाटते की ती चावते, पण पिलू रडत नाही. म्हणूनच म्हण आहे, मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत.

मांजराचा उपयोग

उंदीर धान्य खातात आणि त्याहून जास्त नासवतात. पोती कुरतडतात. उंदरांच्या मुतातून लेप्टो हा ताप पसरतो. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची मोठी साथ आली होती. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही प्लेगचे रोगी आढळले होते. उंदीर जास्त झाले की त्यांना खायला साप घरात येतात. मांजर असले की उंदीर दबून राहतात.

आमच्या घरी तीन मांजरे होती. मनी तीन रंगांची आहे. तीन रंगांची मांजरे बहुतेक माद्याच असतात. सोन्या हा तांबडा बोका आहे. ठकी ही मनीची लेक, पांढरी, शेपटी काळी. कोण किती उंदीर आणते ते पाहायचे ठरवून आम्ही कार्तिक महिनाभर कोठीच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या. ठकीच्या ९ झाल्या, मनीच्या ५ झाल्या आणि सोन्याची १ झाली. ठकीने एक चिचुंद्रीपण मारली, पण खाल्ली नाही. चिचुंद्रीला वास येतो.

आजी म्हणते, "कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला." पण ठकी माणसालापण धरून होती. आई भाकरी थापायला बसली की ती काटवटीजवळ येऊन बसायची. पिठाला तोंड लावायची नाही. संध्याकाळी आम्ही पाढे म्हणायला लागलो की ती दप्तरावर झोपून गुरगुर करायची.

ठकी कशी गेली

पौष महिन्यात रानात उंदीर लई झाले होते. ज्वारीची ताटे कुरतडत होते. तेव्हा शिवारात काही ठिकाणी उंदराचे औषध ठेवले होते. एके दिवशी दुपारी ठकी रानातून आली ती झोकांड्या खात. तोंडाला फेस होता. ती पाण्याच्या घमेल्याजवळ बसली पण पाणी प्याली नाही. अण्णांनी तिला पाटीत पोतं घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सुई दिली. ते म्हणाले, विषाने मरायला टेकलेला उंदीर हिने खाल्ला असेल. त्याचे विष हिच्या पोटात गेले. दिवस मावळायच्या आत ठकी गेली.

आम्ही तिला लिंबोणीखाली पुरले. आजीने खड्ड्यात मूठभर मीठ टाकले आणि वर दगड ठेवला, कुत्र्याने उकरू नये म्हणून. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. अण्णापण नाही.

ठकीची दोन पिले होती, दीड महिन्याची. ती घरभर ओरडत फिरत होती. मनीला दूध नव्हते, तरी तिने त्यांना पोटाशी घेतले आणि चाटले. आम्ही उकडलेले अंडे कुस्करून भरवले. दोन्ही पिले जगली. एकाची शेपटी काळी आहे. आता ते काटवटीजवळ बसते, पण त्याला कोणी शिकवले नाही.

मांजर पाळताना

१. रोज ताजे पाणी ठेवावे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.
२. नुसत्या भाकरीवर मांजराचे भागत नाही. त्याला मासळी, अंडे किंवा मांस लागते.
३. डॉक्टरांना विचारून जंताचे औषध आणि रेबीजची लस द्यावी.
४. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि दवाखान्यात जावे. हळद, चुना लावू नये. माणसाला रेबीजची लस पहिल्यांदा १८८५ साली लुई पाश्चर यांनी दिली. लक्षणे दिसल्यावर हा रोग बहुतेक बरा होत नाही, म्हणून वेळ घालवू नये.
५. मांजर आडवे गेले म्हणून काही होत नाही. ते त्याच्या कामाला चाललेले असते.

पालकांना विनंती

पीक वाचवायला औषध लागते हे आम्हांला कळते. पण ते उघड्यावर टाकू नये. आदल्या दिवशी सगळी बिळे मातीने बुजवावी. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तेवढ्याच बिळांत औषध आत खोल घालावे आणि तोंड बंद करावे. मेलेले उंदीर रोज सकाळी काठीने गोळा करून खोल पुरावे. हाताने धरू नये. औषध ठेवणार असाल तर शेजारी सांगावे, म्हणजे ते आपली मांजरे, कुत्री घरात ठेवतील. जनावराला विष लागले तर घरचे काही पाजत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. घुबड आणि सापसुद्धा उंदीर खातात. ते पण वाचतील.

सांगा पाहू

१. मांजराला एकूण किती बोटे असतात?
२. मांजराच्या मिशा का कापू नयेत?
३. तुमच्या घरी मांजर आहे का? एक महिना त्याचे उंदीर मोजा आणि वर्गात सांगा.

— इयत्ता ४ थी